चक्कर, पण कुठली? स्कायडायव्हिंगच्या पहिल्या उड्यांमधली गरगर, मळमळ आणि अंधारी

पहिल्या उडीनंतर मी गवतावर जी बसले, ती वीस मिनिटं उठलेच नाही. तोंडाला पाणी सुटलेलं, कपाळावर गार घाम, आणि आजूबाजूला माणसं एकमेकांना मिठ्या मारून आरडाओरडा करतायत. माझे इन्स्ट्रक्टर पॅराशूट गोळा करून जवळ आले.

"काय होतंय?"

"चक्कर येतेय."

"कुठली?"

चक्कर ती चक्कर, त्यात कुठली काय असतं? मी नुसतीच बघत राहिले. मग त्यांनी फोड करून विचारलं, "सगळं गरगर फिरतंय, पोट ढवळतंय, की डोळ्यांपुढे अंधारी येतेय?"

त्या क्षणी हा चौकसपणा नकोसा वाटला होता. पण पुढे वाचत आणि विचारत गेले तसं लक्षात आलं, की नवख्या माणसाला या बाबतीत जे काही समजून घ्यायचं आहे ते बहुतेक सगळं त्या प्रश्नातच आहे. गरगरणं, मळमळणं, अंधारी येणं आणि डोकं हलकं होणं या चारही गोष्टींना आपण सरसकट 'चक्कर' म्हणतो. त्यांची कारणं मात्र निरनिराळी आहेत, उडीतल्या त्यांच्या वेळा निरनिराळ्या आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला चालत नाही.

आधी उडीचा हिशोब

बहुतेकांची पहिली उडी टँडम असते. म्हणजे आपल्याला अनुभवी इन्स्ट्रक्टरच्या छातीशी घट्ट बांधलेलं असतं आणि पॅराशूट त्यांच्या पाठीवर असतं. छोटं विमान पंधरा-वीस मिनिटं चढत 10,000 ते 13,000 फुटांवर, म्हणजे तीन-चार किलोमीटर उंचीवर जातं. दार उघडतं. त्यानंतर अर्धं ते पाऊण मिनिट नुसतं पडणं, ज्याला फ्रीफॉल म्हणतात. साधारण 5,000 फुटांवर पॅराशूट उघडतं आणि पुढची पाच-सात मिनिटं आपण त्याखाली लोंबकळत जमिनीवर येतो.

घरून निघताना सगळी धास्ती असते ती त्या अर्ध्या-पाऊण मिनिटाची. गंमत अशी, की तेवढ्या वेळात पोट सहसा बिघडतच नाही. त्रास होतो तो विमान चढताना, नाहीतर 'चला, आता वाचलो' असं वाटल्यावर, पॅराशूटखाली.

गाडी लागते तशी उडी लागते

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. पाण्याचा तांब्या हातात धरून एकदम फिरवा: तांब्या फिरतो, पाणी मात्र क्षणभर मागे राहतं. नळ्यांतही तेच होतं. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, त्याच्या रेट्याने एक नाजूक पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. तांब्या फिरवायचा थांबवला तरी आतलं पाणी थोडा वेळ फिरतच राहतं. फुगडी संपल्यावर भिंती फिरतात त्या यामुळेच. नळ्यांच्या शेजारी चुन्याचे सूक्ष्म खडे लागलेले दोन कप्पे असतात. खाली कुठे आणि वर कुठे, आपला वेग वाढतोय की कमी होतोय, हे त्या खड्यांच्या सरकण्यावरून समजतं. गवंड्याची पाणसळ जे काम करते तेच हे.

मेंदू या पाणसळीचा निरोप डोळ्यांच्या निरोपाशी ताडून बघतो. दोन्ही जुळले की ठीक. बसमध्ये पुस्तकात डोकं घातलं की डोळे सांगतात 'आपण स्थिर आहोत', कान सांगतात 'हेलकावे बसतायत'. निरोप जुळत नाहीत आणि थोड्या वेळात पोट ढवळायला लागतं. याला आपण 'गाडी लागणं' म्हणतो. आकाशात लागते ती हीच, फक्त गाडी वेगळी.

त्याच बसचा ड्रायव्हर मात्र घाटात दिवसभर वळणं घेऊनही ठणठणीत असतो. पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं आणि नजर लांब रस्त्यावर असते. हा ड्रायव्हर लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

मग पडताना पोटात गोळा येत नाही?

येत नाही. ऐकणाऱ्याचा यावर विश्वास बसत नाही, म्हणून कारण सांगते. आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो, कारण खालचा आधार एकाएकी जातो. विमानातून उडी मारतो तेव्हा विमान आधीच ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चाललेलं असतं, आणि आपणही त्याच वेगाने बाहेर पडतो. त्यामुळे पहिल्या क्षणापासून हवेचा जोरदार रेटा अंगावर असतो. आधार नाहीसा होत नाही, फक्त बदलतो. पुढच्या दहा-बारा सेकंदांत वेग ताशी 190-200 किलोमीटरवर जातो आणि तिथेच थांबतो, कारण हवेचा विरोध आणि आपलं वजन यांची बरोबरी होते. वेग वाढायचा थांबला की पाणसळीकडे तक्रार करण्यासारखं काही उरत नाही. हवेच्या फार गोंगाट करणाऱ्या गादीवर पालथं पडल्यासारखं वाटतं. गरम हवेच्या फुग्यातून उडी मारणाऱ्यांना मात्र तो गोळा येतो, कारण फुगा वाऱ्याबरोबर तरंगत असतो आणि सुरुवातीला हवेचा रेटा मिळतच नाही.

उंचीच्या भीतीचंही असंच. गच्चीच्या कठड्यावरून वाकलं की पाय लटपटतात, कारण जवळपास नजर टेकवायला काही नसलं की मेंदूला तोल सावरायला कठीण जातं. तीन किलोमीटरवरून जमीन नकाशासारखी सपाट दिसते. कठड्याला घाबरणारी कित्येक माणसं विमानाच्या दारात शांत असतात. सगळीच नाही, पण कित्येक.

चढतानाची पंधरा मिनिटं

विमान लहान, बरेचदा आत उकाडा, इंधनाचा वास, खालच्या तापलेल्या हवेचे हिसके, आणि अनेकदा विमानाच्या शेपटीकडे तोंड करून जमिनीवरच बसायचं. एखाद्याला गाडी लागावी म्हणून मुद्दाम खोली बांधायची झाली तर ती अशीच बांधतील.

उलटीच्या कितीतरी आधी शरीर खुणा द्यायला लागतं. माझ्या समोर बसलेला मुलगा चढताना एकसारख्या जांभया देत होता. मला वाटलं, काय बेफिकीर माणूस आहे! पाच मिनिटांनी त्याच्या ओठांचा रंग उतरला आणि तो भराभर थुंकी गिळायला लागला. जांभया, तोंडाला पाणी सुटणं, गार घाम आणि चेहरा पांढरा पडणं हा क्रम ओळखीचा आहे. पहिल्या जांभईलाच इन्स्ट्रक्टरला सांगावं, खिडकीतून क्षितिजावर नजर लावावी, डोकं मागे टेकून स्थिर ठेवावं, झिप थोडी उघडून वारा घ्यावा. मोबाईल किंवा मनगटावरचा कॅमेरा बघत बसू नये. डोळे मिटून घेतले तरी फायदा होतो, कारण मग भांडणारा एक साक्षीदार कमी होतो.

आणि उपाशी जाऊ नये. 'उलटीच नको म्हणून काही खाल्लंच नाही' असं म्हणणारा नवखा दर गटात एखादा असतोच. रिकाम्या पोटी मळमळ कमी होत नाही, वर कोरडे उमाळे येतात आणि अशक्तपणाची अंधारी वेगळीच. दीड-दोन तास आधी हलकं, तेलकट नसलेलं खाल्लेलं चांगलं. आदल्या रात्रीची दारू मात्र खरोखर नडते. कानातल्या नळीतला तो पडदा आणि त्याभोवतीचा द्रव यांत दारू वेगवेगळ्या गतीने मुरते आणि वेगवेगळ्या गतीने उतरते, त्यामुळे दोघांचं वजन जुळेनासं होतं. नशा उतरल्यावरही सकाळी अंथरूण फिरतं ते यामुळे. पाणसळच बिघडलेली घेऊन आकाशात कशाला जायचं?

हवा विरळ असते म्हणून डोकं हलकं होतं का?

13,000 फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे 61 टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. पण तिथे आपण थांबतो काही मिनिटंच, आणि धडधाकट माणसाला तेवढं सोसतं. अमेरिकेच्या नियमात विमानातल्या प्रत्येकाला जादा ऑक्सिजन पुरवणं बंधनकारक होतं ते 15,000 फुटांच्या वर.

डोकं हलकं होण्याचा खरा आरोपी बहुधा आपला स्वतःचा श्वास असतो. घाबरलं की आपण भराभर, वरवर श्वास घेतो. त्याने ऑक्सिजन काही फार वाढत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, आणि डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो आणि आणखी भराभर श्वास घेतो. यावर उपाय साधा आहे: नाकाने श्वास घ्या आणि आत घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. दारातून बाहेर पडताना काहीजण याच्या उलट करतात, श्वास रोखून धरतात, आणि मग 'वाऱ्यात श्वासच घेता येत नव्हता' असं सांगतात. घेता येतो. उडी मारताच ओरडा. ओरडायला आधी श्वास सोडावा लागतो, पुढचा आपोआप आत येतो.

पॅराशूटखाली: सगळ्यात निवांत, सगळ्यात मळमळीची

पॅराशूट उघडतं, गोंगाट थांबतो, आणि नेमकं इथे अनेकांचं बिनसतं. कारणं दोन आहेत. ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिलं, गिरक्या. पॅराशूटची एका बाजूची दोरी ओढून धरली की ते गिरकी घेत खाली उतरतं. दोरीच्या टोकाच्या त्या मुठीला टॉगल म्हणतात. जोरदार गिरकीत शरीराला आपलं वजन दुप्पट किंवा त्याहून जास्त झाल्यासारखं वाटतं. कानातला द्रव गोल फिरत राहतो, आणि गिरकी थांबली की तांब्यातल्या पाण्यासारखा पुढे चालू राहतो. एका बाजूच्या गिरकीपाठोपाठ लगेच दुसऱ्या बाजूची घेतली, की पोटाचा निकाल लागला म्हणून समजा. इन्स्ट्रक्टरला वाटतं पाहुण्याला मजा येतेय, आणि पाहुणा संकोचाने गप्प. माझं हेच झालं. जमिनीवर असतानाच सांगून ठेवायला हवं होतं: "गिरक्या नकोत, सरळ उतरू या."

इथे तो बसचा ड्रायव्हर आठवा. थोडा वेळ टॉगल आपल्या हातात द्यायला सांगावं. वळण आपण स्वतः घेतलं की मेंदूला ते आधी माहीत असतं, आणि त्याच वळणाचा त्रास बराच कमी होतो. वळताना खाली पायांकडे बघू नये, ज्या दिशेला वळायचं तिकडच्या क्षितिजाकडे बघावं.

दुसरं कारण हार्नेसचं, म्हणजे अंगाला आवळलेल्या पट्ट्यांचं. आतापर्यंत आपण आडवे होतो, आता उभे लोंबकळतोय. मांड्यांवर पट्ट्यांचा दाब, पाय अधांतरी आणि स्थिर, भीतीची लाट नुकतीच ओसरलेली. कवायतीच्या मैदानावर ताठ उभी असलेली मुलं जशी अचानक कोसळतात तसंच इथेही होऊ शकतं. रक्त पायांत साठतं, मेंदूकडे कमी जातं. याची खूण मळमळ नाही. कानात सूं असा आवाज येतो, ऐकू येणं लांब गेल्यासारखं होतं, कडेकडून काळोख आत सरकतो. ही अंधारी. इथे क्षितिजाकडे बघून काही होणार नाही. गुडघे पोटाशी घ्यायचे, मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळायच्या, सायकल चालवल्यासारखे पाय हलवायचे आणि तोंडाने स्पष्ट सांगायचं. पॅराशूट उघडल्यावर काही पट्टे थोडे सैल करता येतात, ते इन्स्ट्रक्टर करतात. काहीजण स्वतःच्या पायांवर आपल्याला पाय टेकवून उभं राहायला देतात.

सर्दीच तर आहे!

या एका वाक्यापायी माणसं कान गमावून बसतात. कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी खोली असते. तिचं एकच दार, घशाकडे उघडणारी एक अरुंद नळी. वर जाताना आतली हवा फुगते आणि आपली आपण बाहेर पडते. खाली येताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत घ्यावी लागते. सर्दीने सुजलेली नळी तेव्हा मिटून बसते. कानाला दडे बसतात ते इथे.

'सर्दीत विमानप्रवास केला होता, काही झालं नाही' हे म्हणणं मी अनेकदा ऐकलंय. प्रवासी विमानाच्या आतला दाब राखलेला असतो, आणि उतरताना केबिनमधली 'उंची' मिनिटाला 500 फुटांच्या आसपास इतक्या सावकाश कमी करतात. फ्रीफॉलमध्ये आपण मिनिटाला 10,000 फुटांच्या वेगाने खाली येतो, वीसपट. हवेचा दाब पाऊण मिनिटात 61 टक्क्यांवरून 83 टक्क्यांवर जातो. नळी बंद असेल तर पडदा आत ओढला जातो, भयानक दुखतो आणि कधी फाटतो. एक कान मोकळा आणि दुसरा बंद असेल तर दोन्हीकडचे निरोप जुळत नाहीत आणि खरीखुरी गरगर सुरू होते. कपाळातल्या आणि गालाच्या पोकळ्या बंद असतील तर डोळ्यामागे सुरी खुपसल्यासारखं होतं.

जमिनीवरच एक चाचणी करता येते. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि अगदी हलकेच नाकात हवा ढकला. दोन्ही कान 'टक्' झाले पाहिजेत. या युक्तीला 17व्या-18व्या शतकातल्या आंतोनिओ वाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. जमिनीवर जमलं नाही तर त्या दिवशी उडी नाही, पैसे भरलेले असले तरी नाही. जमलं, तर हीच युक्ती पॅराशूट उघडल्यावर, हळुवारपणे, करायची. जोर लावायचा नाही. गिळणं आणि जबडा हलवणं हे त्याहून सौम्य.

नाक मोकळं करणारा स्प्रे मारून जाणाऱ्यांचा एक वेगळा घोळ होतो. औषधाचा असर वरच उतरला तर जाताना उघडी असलेली नळी येताना बंद. आणि समुद्रात स्कूबा केलं असेल तर सर्दी नसतानाही थांबायचं. 8,000 फुटांच्या वर जायचं असेल तर डुबकीनंतर 24 तास जाऊ द्यावेत, असं अमेरिकी विमान प्रशासनाचं मार्गदर्शन आहे.

गोळी घेऊन टाकली तर?

टँडमवाल्यांनी डॉक्टरला विचारून आणि इन्स्ट्रक्टरला सांगून घेतली तर समजू शकते. पण स्वतः पॅराशूट उघडायचं असेल तर माझं मत ठाम आहे: नको. गाडी लागण्यावरच्या बहुतेक गोळ्या गुंगी आणतात. त्यांतल्या अनेक गोळ्यांच्या कुळातलं डायफेनहायड्रामाइन घेतल्यावर वैमानिकाने 60 तास उड्डाण करू नये, असं तेच प्रशासन सांगतं. फ्रीफॉलमध्ये काही सेकंदांत उंची वाचून हँडल ओढायचं असताना ती गुंगी परवडत नाही.

गोळीपेक्षा सवय जास्त उपयोगी पडते. ओळीने काही उड्या झाल्या की मेंदू नवे निरोप जुळवायला शिकतो, आणि बऱ्याच जणांची मळमळ आपोआप ओसरते. मध्ये लांब खंड पडला तर थोडीफार परत येते.

एकटा असताना शुद्ध हरपली तर?

प्रश्न रास्त आहे. 2014 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका शिकाऊ स्कायडायव्हरला फ्रीफॉलमध्ये अपस्माराचा झटका आला. शेजारी पडत असलेल्या इन्स्ट्रक्टरने त्याला गाठून त्याचं पॅराशूट उघडलं, आणि जमिनीवर येण्याआधी तो शुद्धीवर आला. पुढच्या वर्षी तो व्हिडिओ जगभर फिरला. अपस्मार, वारंवार बेशुद्ध पडणं, हृदयाचा आजार, कानाचा जुनाट गरगरीचा विकार यांतलं काही असेल तर अर्जावर ते लपवू नये, इतकं सांगायला तो व्हिडिओ पुरेसा आहे.

शिकाऊंच्या पाठीवर एक छोटं यंत्रही असतं. ठरावीक उंचीखाली वेग फार असेल तर ते राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. ही कल्पना जुनी आहे. 16 नोव्हेंबर 1959 रोजी अमेरिकी हवाई दलाचे जोसेफ किटिंगर यांनी फुग्यातून सुमारे 23 किलोमीटरवरून उडी मारली. तोल राखणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या दोऱ्या त्यांच्या गळ्याभोवती गुरफटल्या, ते मिनिटाला सुमारे 120 फेऱ्यांच्या वेगाने फिरायला लागले आणि बेशुद्ध पडले. आपोआप उघडलेल्या राखीव पॅराशूटने त्यांना खाली आणलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ते 31 किलोमीटरवरून पुन्हा उडी मारायला तयार होते, हा भाग वेगळा. तुमच्याआमच्या उडीत अशी भिंगरी होत नाही. थोडं फिरायला लागलं तर कंबर पुढे, छाती बाहेर, हातपाय सैल अशी कमान करायची, जी पहिल्या दिवसापासून घोटून घेतलेली असते. गरगरतंय म्हणून उघडायची उंची मात्र चुकवायची नाही.

आणि उलटी झालीच तर

लाजायचं कारण नाही, इन्स्ट्रक्टरना यात नवीन काही नसतं. त्यांचा चेहरा आपल्या डोक्यामागे असतो आणि पॅराशूटखाली वारा समोरून येतो, एवढं लक्षात घेतलं तर आधी सांगणं का महत्त्वाचं ते कळेल. विमानात पिशवी मागून घ्यावी. पॅराशूटखाली पिशवी नसेल तर कपड्याची मान पुढे ओढून आतच करा, असं सांगणारे जुने लोक आहेत. किळसवाणं आहे, पण धुता येतं. उतरताना पाय वर घ्यायची वेळ येईल तेव्हा उलटी अर्धी राहिली तरी पाय आधी.

खाली आल्यावर आडवं पडावं, घोटघोट पाणी प्यावं, आणि जग स्थिर होईपर्यंत गाडी चालवू नये. काही तासांत मळमळ गेली तर विषय संपला. कानातून पाणी किंवा रक्त आलं, ऐकू येईनासं झालं, गरगर दुसऱ्या दिवशीही राहिली, किंवा मान दुखण्याबरोबर बोलणं अडखळलं, एका बाजूला बधिरपणा आला, तर मात्र वाट न बघता दवाखाना.

दुसऱ्या उडीला मी विमानात चढायच्या आधीच सांगितलं, "मला मळमळते, अंधारी येत नाही. गिरक्या नकोत आणि टॉगल माझ्याकडे द्या." उतरताना पोट जरा ढवळलं, तेवढंच. डावा कान मात्र बंद राहिला. रात्री दात घासताना मोठी जांभई आली आणि तो टक् करून सुटला.